पेटीतले आकडे

बाबांच्या कारखान्यातला तो संगणक मांडीवर ठेवून वापरायचा असतो असं मला त्या वयात कुणी सांगितलं असतं, तर मी सांगणाऱ्यालाच वेड्यात काढलं असतं. सात-आठ किलोंचं धूड होतं ते. वर धरायला मूठ होती, म्हणून ते म्हणे सोबत न्यायचं. झाकण उघडलं की करडा पडदा आणि त्यावर काळसर निळी अक्षरं. चित्र नाही, रंग नाही, माउस नाही. उजव्या बाजूला फ्लॉपी घालायची खाच होती आणि तिच्यावरची पट्टी आम्ही पाहिल्यापासून तुटलेली होती. बॅटरी कधीच मेलेली, त्यामुळे भिंतीतली पिन जरा हलली की सगळं काळं. कुठल्याशा मोठ्या कंपनीने भंगारात काढलेलं ते यंत्र कारखान्याचे मालक रावसार यांनी आणून बाबांच्या टेबलावर ठेवलं होतं. गल्लीतल्या इंटरनेट कॅफेत तोवर चकचकीत संगणक आले होते, पण बाबांना हाच आवडायचा. आमच्या घरात त्याला पेटी म्हणत. "पेटी मिटून आलो," असं बाबा दारात म्हणाले की आई कॉफीचं पाणी ठेवायची.

आम्ही तमिळ मुलखात, अंबत्तूरला राहायचो, औद्योगिक वसाहतीपासून वीस मिनिटांवर, एका घराच्या वरच्या मजल्यावर. बाबा मूळचे कराडकडचे. पंपात बसणाऱ्या पोलादी पिना बनवणाऱ्या त्या छोट्या कारखान्यात ते तपासनीस होते. लेथवर पिन तयार झाली की बाबांनी ती मायक्रोमीटरने मोजायची आणि आकडा पेटीत लिहायचा. चोवीस पॉइंट पंच्याण्णव ते पंचवीस पूर्ण, एवढ्यात बसली तर पुढे, नाही तर लाल डब्यात. मिलिमीटरच्या शंभराव्या भागाचा हिशोब. रावसार तंजावरच्या मराठ्यांपैकी. त्यांची मराठी ऐकली की आम्हाला हसू यायचं आणि आमची ऐकली की त्यांना. पण केवळ ते मराठी बोलतात एवढ्यावर बाबा वीस वर्षं त्यांना चिकटून राहिले, असं आई म्हणायची. कारखान्यात बाकी सगळे तमिळ. त्यामुळे दोघांना काही खासगी बोलायचं असलं की ते चारचौघांत खुशाल मराठीत बोलत.

काळजी करणं हा आमचा कुळाचारच होता. आई पाण्याची काळजी करायची, कारण तेव्हा नळाला पाणी येणं बंद झालेलं आणि पाण्याची लॉरी कधी येईल याचा भरवसा नसायचा. प्लॅस्टिकच्या घागरी एकमेकींवर आपटल्याचा आवाज आला की ती हातातलं लाटणं टाकून जिना उतरायची. बाबा न बोलता काळजी करायचे. मी दोघांची मिळून करायची. पॉलिटेक्निकमध्ये संगणकाचा डिप्लोमा करत होते, तिथेही प्रॅक्टिकलला माझ्या मशीनवरचा दिवा सगळ्यांत शेवटी हिरवा होणार हे मी धरूनच चालायचे. आजही फोनवर एखादी फाइल पाठवताना ती पट्टी शेवटपर्यंत भरल्याशिवाय मी दुसरीकडे बघत नाही. घरातले हसतात. हसू देत.

त्या वर्षी नवरात्रात आमच्या घरात एक जास्तीची काळजी येऊन बसली होती. पिना घेणाऱ्या कंपनीने एक अख्खी खेप परत पाठवली होती. पिना केसभर जाड निघाल्या, पंपात अडकल्या. आता चूक दोनच ठिकाणी असू शकत होती. एक तर पिना कातणाऱ्या सेल्वम अण्णांच्या लेथवर, नाही तर बाबांच्या टेबलावर. पिना मोजल्याच गेल्या नाहीत, असा कंपनीचा संशय होता. बाबा जेवताना एवढंच म्हणाले, "मी मोजल्यात. सगळ्या मोजल्यात." आणि भात तसाच ठेवून उठले. खाली घरमालकीण मामींकडे नवरात्रातल्या गोलूच्या बाहुल्या पायऱ्यांवर मांडलेल्या, रोज संध्याकाळी बायका यायच्या, गाणी व्हायची, आणि खोबरं घातलेल्या हरभऱ्यांच्या सुंडलचा द्रोण मामी आम्हाला वर पाठवायच्या. आमच्याकडे कोपऱ्यात घट बसलेला, मातीतून गव्हाचे पोपटी अंकुर वर आलेले. एरवी मला ते नऊ दिवस फार आवडायचे. त्या वर्षी सुंडलचा द्रोण तसाच पडून राहायचा.

नवमीला कारखान्यात आयुधपूजा. हा दिवस मी लहानपणापासून चुकवला नव्हता. आदल्या दिवशी सगळी यंत्रं धुऊनपुसून घ्यायची, दाराला केळीचे खुंट बांधायचे, लेथला, ड्रिलला, अगदी झाडूलाही चंदन-कुंकवाची बोटं लावायची. चुरमुरे, गूळ आणि डाळं यांचा प्रसाद. शेवटी फाटकात कोहळा फोडायचा. पूजा झाली की दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा पूजा होईपर्यंत कुठल्याही यंत्राला हात लावायचा नाही, हा तिथला नेम. बाबांचं टेबल मात्र आमच्या पद्धतीने पुजलं जायचं आणि ते काम माझं. मायक्रोमीटर, व्हर्निअर, पेटी, सगळं ओळीने मांडायचं, हळद-कुंकू, झेंडू आणि अक्षता. तिथले लोक यंत्राला चंदनाचं बोट लावून थांबतात. आपल्याला अक्षता टाकल्याशिवाय पूजा झाली असं वाटतच नाही. त्या वर्षी तर मी मनातल्या मनात देवीला साकडं घालत होते, त्यामुळे चिमटीने टाकायच्या त्या मी मुठीने टाकल्या. कुंकवाने ओल्या झालेल्या तांदळांचा सडाच पडला पेटीवर. ती उघडी खाच माझ्या ध्यानातही आली नाही.

दुपारी प्रसाद वाटून होतो न होतो तोच ऑफिसातला फोन वाजला. रावसार बोलून बाहेर आले तेव्हा त्यांच्या कपाळावरचं चंदन घामाने ओघळत होतं. "माने," ते बाबांना म्हणाले, "उद्यां अकरा वाजतां ते लोक येणार. सहा महिन्यांचे आकडे कागदावर होणा म्हणतात. कागद दाखवला तर तुमच्यावर कांहीं नाही. नाही दाखवला तर मी काय बोलूं त्यांस?" त्यांचं होणा म्हणजे आपलं पाहिजे. कागद नव्हताच. सगळं पेटीत होतं. दर महिन्याअखेर बाबा फ्लॉपीवर आकडे घेऊन ऑफिसातल्या संगणकाला देत, तिथला प्रिंटर छापून काढी. गेले सहा-सात महिने ते राहिलं होतं. आज करू, उद्या करू.

बाबा पेटीकडे वळले. रावसारांनी त्यांचा हात धरला. "पूजेवरचं हालवूं नका बा. उद्यां सकाळीं पुनःपूजा होऊं दे, मग काय होणा ते करा." बाबांनी एकदा माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं ते भांडतील, पण ते निमूटपणे चुरमुऱ्यांचा पुडा घेऊन स्कूटरकडे गेले.

ती संध्याकाळ मला अजून जशीच्या तशी आठवते. आई दुसऱ्या दिवशीच्या पुरणासाठी डाळ शिजत घालत होती. कुकरची प्रत्येक शिट्टी मला दचकवत होती. खाली मामींकडे बायका जमल्या होत्या. गावाहून पोस्टाने आलेली आपट्याची पानं आईने पाकिटातून काढली. ती वाटेत सुकून कडक झाली होती, हात लागताच तुटत होती. "दसऱ्याला पेटी उघडेल आणि सगळं सुरळीत होईल," आई म्हणाली. "फ्लॉपी टाकायची, पाच मिनिटांचं काम, हो ना गं वैजू?" मी हो म्हणाले. बाबा गॅलरीत उभे होते. ते म्हणाले, "उघडेल तेव्हा खरं." माणूस निर्दोष असेल तर त्याला इतकं घाबरायचं काय कारण, हा प्रश्न मला तेव्हा पडायला हवा होता. पण मी माझ्याच घाबरण्यात गुंग होते.

सकाळी साडेसहाला पुनःपूजा झाली. कापूर विझायच्या आत बाबांनी पेटी सुरू केली आणि मी फ्लॉपी आत सारली. खर्र खर्र असा आवाज आला, जात्यात खडा आल्यासारखा. पडद्यावर फ्लॉपी वाचता येत नसल्याचा निरोप. बाहेर काढून पुन्हा घातली, पुन्हा खर्र. मग मी वाकून खाचेत पाहिलं. आत लाल तांदूळ दिसला.

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. सेल्वम अण्णा धावत आले. उंच, सडपातळ, कायम हसतमुख माणूस. मला लहानपणापासून पाप्पा म्हणायचे, म्हणजे छोटी. त्यांनी चिमट्याने दोन दाणे काढले, तिसरा निघेना, आणि टॉर्चच्या उजेडात पाहून मान हलवली. मी जोराने फ्लॉपी सारली त्यात आतला वाचणारा काटा वाकला होता. "पोच्चु," ते हळूच म्हणाले. गेलं. मला रडू फुटलं. बाबा टेबलावरची फुलं गोळा करू लागले. ते ओरडले असते तर बरं झालं असतं. आकडे पडद्यावर दिसत होते, पण हजारो ओळी हाताने उतरवायच्या तर आठवडा गेला असता, आणि घड्याळात सात वाजून गेले होते.

रडता रडताच मला लॅबचे सर आठवले. ते म्हणाले होते, दोन संगणक तारेने जोडून फाइली पाठवणारा एक जुना प्रोग्राम आहे, आणि त्याची गंमत अशी की फ्लॉपी नसलेल्या मशीनवर तो स्वतःच तारेतून चालत जातो. त्याची कॉपी त्यांनी आम्हाला दिली होती आणि ती घरी माझ्या खोक्यात होती. बाबांनी स्कूटर काढली. त्या दिवशी ते इतके हळू चालवत होते की मला मागे बसून ओरडावंसं वाटत होतं. घरी आईने दारातच विचारलं, "झालं?" मी तिला ओलांडून आत गेले, फ्लॉपी घेतली, आणि परत निघालो तेव्हा पुरणाची पोळी पोळपाटावर तशीच अर्धवट होती.

फ्लॉपी होती, आता तार हवी. दसऱ्याच्या सकाळी कुठलं दुकान उघडं असणार? मी सेल्वम अण्णांना सांगितलं. त्यांनी विचारलं, "केबल वेणुमा, पाप्पा?" केबल हवीय का? आणि उत्तराची वाट न पाहता ते आपल्या लेथकडे गेले. संगणकातून लेथला कामं शिकवायची एक तार त्यांच्याकडे होती. तिचं एक टोक पेटीला बसणारं होतं, दुसरं फार मोठं. त्यांनी ते मोठं टोक कात्रीने कापून टाकलं. त्यांच्या स्वतःच्या यंत्राची ती एकुलती एक तार. खोक्यातून एक लहान टोक शोधून त्यांनी माझ्यापुढे ठेवलं आणि सोल्डरचा डाग द्यायची सळई तापत घातली. पहिल्या वेळी मी डाग बोटावरच दिला. अण्णा तारा चिमट्यात धरून बसले आणि मी तीन तारा जोडल्या: इकडून बोलायची, तिकडून ऐकायची, आणि एक दोघांत सामायिक.

पेटीवर दोन ओळी टाइप करायच्या होत्या. पहिलीने तारेचा वेग ठरतो. दुसरीचा अर्थ इतकाच, की यापुढे माझ्या कीबोर्डचं ऐकू नकोस, तारेतून जे येईल ते ऐक. ती ओळ लिहून कळ दाबली की मशीन आपल्या हातातून जातं. मग काहीही दाबा, ते ढिम्म. बाबांच्या सहा महिन्यांच्या आकड्यांवर मी ती कळ दाबायची होती. "दाब," बाबा म्हणाले. मी दाबली. पडद्यावरची चौकट लुकलुकायची थांबली. ऑफिसच्या संगणकावर मी प्रोग्रामला निघायचा हुकूम दिला आणि आम्ही तिघं बघत राहिलो. एक मिनिट. तीन मिनिटं. पाच. काहीच नाही. माझी पाचावर धारण बसली. रावसार दारातून डोकावून गेले, "काय करालेत? होतंय का?" एवढं विचारून.

शेवटी पेटी बंद करून पुन्हा सुरू केली. तेवढ्या अर्ध्या मिनिटात आकडे आहेत की गेले ते कळायला मार्ग नव्हता. आकडे होते. मी वही उघडली. लॅबमध्ये काढलेल्या आकृतीत तीन तारांशिवाय आणखी काही बारीक रेघा होत्या, ज्या मी घाईत सोडल्या होत्या. पलीकडचा तयार आहे अशी खूण मिळाल्याशिवाय जुनी मशीनं तोंड उघडत नाहीत, आणि ती खूण पाठवणाऱ्या तारा आमच्याकडे नव्हत्याच. पण तारेच्या टोकातल्या टोकात दोन-तीन पिना एकमेकींना जोडल्या की मशीनची समजूत पटते. पुन्हा सळई, पुन्हा डाग. सेल्वम अण्णांनी या वेळी माझा हातच धरून ठेवला. साडेआठ झाले होते.

दुसऱ्या वेळी कळ दाबली आणि पेटीच्या करड्या पडद्यावर, कुणी न दाबता, एक अक्षर उमटलं. मग दुसरं. मग ओळ. प्रोग्राम निघाला होता. इतका सावकाश, की मधल्या वेळात पोळी लाटून झाली असती. पिन हलू नये म्हणून बाबा भिंतीशी उकिडवे बसून ती बोटाने दाबून धरत होते आणि मी मिनिटामिनिटाला "धरलंय ना?" विचारत होते. पाचेक मिनिटांनी पडद्यावर प्रोग्रामचं नाव आलं आणि त्यानंतर सगळं भराभर झालं. दोन्हीकडच्या फाइलींच्या याद्या शेजारी शेजारी उघडल्या, बाणाने एकेक महिना निवडला, पाठवला. शेवटचा महिना पोहोचला तेव्हा सेल्वम अण्णांनी टाळी वाजवली आणि ते चहा आणायला गेले. बाबा उठले नाहीत. पिन धरूनच बसले होते.

नीट आलंय ना हे बघायला मी ऑफिसच्या संगणकावर फाइली उघडल्या. पहिला महिना ठीक. २४.९७, २४.९८, २४.९६, २४.९९. दुसराही तसाच. तिसऱ्या महिन्याच्या मध्यावर मी थांबले. २५.००, २४.९५, २५.००, २५.००, २४.९५. खाली गेले. पान संपलं, दुसरं आलं. नुसते पाच आणि शून्य. शेवटच्या आकड्यात दुसरं काही नव्हतंच. मला वाटलं माझाच डाग कच्चा आहे, तार शेवटचा आकडा खातेय. फाइल पुसून पुन्हा पाठवली. तेच आलं. वेग कमी करून पाठवली. तेच. दहा वाजायला आले होते.

"बाबा," मी म्हणाले, "तिसऱ्या महिन्यापासून शेवटचा आकडा बिघडून येतोय. सगळीकडे शून्य नाही तर पाच. तारेत काहीतरी आहे."

बाबांनी भिंतीतली पिन सोडली. पेटीचा पडदा काळा झाला. ते उठून माझ्यामागे येऊन उभे राहिले.

"तारेत काही नाही," ते म्हणाले. "मीच तसं लिहिलंय."

मायक्रोमीटरच्या फिरत्या नळीवर केसासारख्या बारीक रेघा असतात. दर पाचव्या रेघेला आकडा असतो, म्हणून ती जरा लांब. उन्हाळा संपता संपता बाबांना मधल्या रेघा दिसेनाशा झाल्या होत्या. फक्त आकड्यांच्या दिसत. जवळची ती, असं धरून ते लिहीत गेले. पंचवीस पॉइंट शून्य एकची पिन त्यांच्या डोळ्यांत पंचवीस व्हायची, आणि पंचवीस म्हणजे पास. सगळं त्यांनी खालच्या आवाजात, तोंडातल्या तोंडात सांगितलं. आईलाही माहीत नव्हतं. "डोळे गेलेला तपासनीस कोण ठेवून घेईल?" ते म्हणाले. "तुझं शिक्षण व्हायचंय."

मला त्या क्षणी त्यांचा राग आला, हे कबूल करते. पण रागापेक्षा भीती मोठी होती. मी म्हणाले, "मी बदलते. शेवटचा आकडा इकडे-तिकडे करायचा. सात, आठ, सहा. अर्ध्या तासाचं काम आहे. कुणाला कळणार नाही." आणि मी खरंच कीबोर्डवर बोटं ठेवली. ही गोष्ट मी आजवर कुणाला सांगितली नव्हती. एका ओळीतला पाच खोडून तिथे सातही लिहिला. तेवढ्यात सेल्वम अण्णा चहाचे पेले घेऊन आत आले, बाबांच्या हातात एक दिला आणि तमिळमध्ये म्हणाले, "सार, आकडे निघाले ना, आता तुमच्यावर काही नाही." त्यांना मनापासून आनंद झाला होता. बाबांनी पेला टेबलावर ठेवला आणि मला मराठीत म्हणाले, "होतं तसं कर. छाप." मी सात खोडला. प्रिंटर करवतीसारखा आवाज करत कागद ओकू लागला.

अकराला दोन माणसं आली. एक वयस्क, एक तरुण. इस्त्रीचे शर्ट, हातात प्लॅस्टिकच्या पिशवीत परत आलेल्या पिना. रावसारांनी त्यांना कॉफी दिली, प्रसाद दिला. वयस्क माणसाने कागदाचा गठ्ठा चाळला. रोजची तारीख आहे, वेळ आहे, बाबांची आद्याक्षरं आहेत, एकही दिवस रिकामा नाही. शेवटच्या आकड्यांकडे त्याने पाहिलंही नाही. पाच मिनिटांत त्याने गठ्ठा खाली ठेवला आणि तमिळमध्ये म्हणाला, तपासणी व्यवस्थित झालेली दिसते, म्हणजे लेथवरच्या न मोजलेल्या पिना नंतर डब्यात मिसळल्या असणार. लेथवरचा माणूस कोण? सेल्वम अण्णा दाराशीच उभे होते. त्यांच्या चेहऱ्यावरचं हसू जायला जरा वेळ लागला, कारण प्रश्न आपल्यासाठी आहे हे त्यांना आधी कळलंच नाही.

पुढे काय झालं ते इथेच सांगून टाकते, कारण टांगणीला लागलेला जीव मला स्वतःला सहन होत नाही. बाबांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता. एकेक करून दोन्हींचं ऑपरेशन झालं आणि ते पेपरातल्या बारीक जाहिरातीसुद्धा वाचू लागले. तपासनिसाची जागा मात्र गेली. रावसारांनी त्यांना माल बांधायच्या विभागात घेतलं आणि तिथूनच ते निवृत्त झाले. सेल्वम अण्णा लेथवर राहिले. कारखान्याचं ते गिऱ्हाईकही टिकलं, जरा कुरकुर करून. म्हणजे आभाळ कोसळलं नाही. पण हे सगळं नंतरचं. त्या खोलीत तेव्हा कुणालाच यातलं काही ठाऊक नव्हतं.

बाबा पुढे आले. पिशवीतून एक पिन काढून त्यांनी मायक्रोमीटरमध्ये धरली, कुरकुर आवाज येईपर्यंत टोक फिरवलं आणि पिनेसकट मायक्रोमीटर माझ्या हातात दिला. "वैजू, वाच." मी वाचलं. पंचवीस पॉइंट शून्य एक. "मी पंचवीस लिहिलं असतं," बाबा रावसारांना मराठीत म्हणाले. "मला मधल्या रेघा दिसत नाहीत. चार महिने दिसत नाहीत. चूक सेल्वमची नाही, माझी. सांगा त्यांना."

रावसारांनी पाहुण्यांकडे पाहिलं, मग बाबांकडे. त्यांचा आवाज इतका हळू मी कधी ऐकला नव्हता. "माने, उगीं राहा. त्यांस मराठी कळत नाहीं. कांहीं बोललांच नाहीं असं समजा." आणि मग सेल्वम अण्णांकडे न बघता, "त्याचं मी बघून घेतों."

वयस्क माणसाने विचारलं, "एन्न सोल्रार?" काय म्हणतायत ते?

वीस वर्षं अंबत्तूरच्या बाजारात तमिळमध्ये घासाघीस केलेल्या माझ्या बाबांना त्या वेळी तमिळचा एक शब्द सापडेना. त्यांनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं. म्हणजे मी जिथे उभी होते त्या दिशेला पाहिलं; मी दिसत होते की नाही, कोण जाणे. "पोरी, तू सांग," ते म्हणाले.

सगळे माझ्याकडे बघत होते. रावसार मानेनेच नको म्हणत होते. हातातला मायक्रोमीटर घामाने निसटत होता. मराठीत मला ते वाक्य कधीच उच्चारता आलं नसतं.

"अप्पावुक्कु कण्णु तेरियल," मी म्हणाले. माझ्या बाबांना दिसत नाही.